झोका

डॉकयार्ड रोडला रेशनच्या दुकानावर माझा क्लास होता.
सहा कॉम्प्युटर, पाच माऊस.
सहाव्याची गोळी कुणीतरी गोट्या खेळायला नेलेली.

शनिवारी सगळे गेले की मी एकेक माऊस उलटा करायचे.
तळाची चकती फिरवली की गोळी तळहातावर,
रबरी, दिसते त्याहून जड.
आत दोन रूळ, एक आडवा, एक उभा,
त्यांवर आठवडाभराचा मळ:
पोर्ट ट्रस्टच्या कारकुनांचा, नर्सिंगच्या मुलींचा,
एका फरसाणवाल्याचा, तो तर वासावरून कळायचा.
नखाने खरवडायचे.
रुळांच्या टोकाला खाचांची चाकं.
खाचेतून उजेड जातो, अडतो, जातो, अडतो,
आणि आत कुणीतरी मोजत बसतं.
हात कुठे आहे, हे त्याला ठाऊकच नसतं.
किती सरकला, तेवढंच.

फळ्यावर काढून दाखवायचे मी हे सगळं.
टेबलावर पुढे, म्हणजे पडद्यावर वर.
टेबल संपलं तर उचला, मागे आणून ठेवा.
हात परत येतो, बाण येत नाही.
लोक उचलायला घाबरायचे,
जणू खालून काही सांडेल.

हरेश्वर नाखवा आले तेव्हा पन्नाशी उलटलेली.
इंदिरा गोदीत क्रेनवर सत्तावीस वर्षं.
साहेबांनी सांगितलेलं, आता सगळं स्क्रीनवर येणार.
त्यांच्या मुठीत माऊस दिसायचाच नाही.
दोनदा टिचकी मारा म्हटलं
की दोन शिट्ट्यांत ठेवावं तेवढं अंतर ठेवायचे.

आणि त्यांचा बाण चित्राच्या अलीकडे थांबायचा.
दोन बोटं अलीकडे. रोज.
चष्मा बदलून आले. मी माऊस बदलून दिला.
टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला.
बाण अलीकडेच.
"काका, अजून थोडं पुढे."
"येईल की," म्हणाले, आणि वाट बघत बसले.

मग स्वतःच हसले. खुर्ची करकरली.
"मॅडम, याला झोकाच नाही!"

तरफ इथं ओढायची, आकडा तिथं, साठ फुटांवर.
हात थांबला तरी माल थांबत नाही.
साखरेची पोती असोत नाहीतर यंत्राची पेटी,
पुढे जाते, मागे येते, मग ऐकते.
म्हणून आधीच सोडायचं.
उरलेलं अंतर माल आपला आपण चालतो.
"खाली माणसं उभी असतात ना.
हात तिथवर न्यायचाच नसतो."

तीन महिन्यांत शिकले.
शेवटपर्यंत ती पुढची दोन बोटं
थोडे नाराज होऊनच सरकवायचे,
वजन नसलेली वस्तू ढकलायला
कुणी बोलावलंय कशाला, असे.

आता माऊसला गोळी नाही.
तळाशी तांबडा दिवा, तो टेबलाचे फोटो काढत राहतो,
सेकंदाला हजारांनी,
मागचा न् आत्ताचा ताडून बघतो: एवढं सरकलं.
काचेवर आंधळा होतो.
खरवडायला काही उरलं नाही.

माझा उजवा हात दोन वर्षं झाली, थरथरतो.
विजेचं बिल भरताना बाण
बटणाच्या अवतीभवती हेलकावे खातो.
मुलीने सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी करून दिला.
त्यानं बरं पडतं, थोडं.

तरी मी अलीकडेच थांबते.
हात टेबलावर ठेवते.
झोका ओसरू देते.
खाली कुणी उभं नाही, माहीत आहे मला.
मग दाबते.